बाबांच्या फॉरवर्डला उत्तर

मॅडिसन, विस्कॉन्सिन
6 ऑक्टोबर 2025, कोजागरी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. आई, फोनवर बाबा आणि मी दोघंही आवाज चढवतो, मग तू मधे पडतेस आणि ‘जेवलीस का’वर सगळं संपतं. या वेळी मला बोलणं पुरं करायचं आहे. बाबांना चष्मा लावून सावकाश वाचू दे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब चालू असतील तर तू वाचून दाखव.

बाबा, शनिवारी तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. जुनाच आहे, फेब्रुवारीतला. हातात बेड्या, पायात साखळ्या, आणि परत पाठवणीच्या अमेरिकी लष्करी विमानात एकेक पाऊल सरकवत चढणारी आपली माणसं. खाली तुम्ही लिहिलंत, ‘बरोबर केलं. चोरून घुसले, आता भोगा. आमची लेक कायद्यानं गेली.’ पहिल्या दोन वाक्यांवर मी तुमच्याशी वाद घातला असता आणि विसरले असते. तिसरं वाक्य मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाही.

ते विमान 5 फेब्रुवारीला अमृतसरला उतरलं. 104 जण होते. हरियाणाचे 33, गुजरातचे 33, पंजाबचे 30. ‘हे सगळं त्या लोकांचं वेड’ असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात, म्हणून सांगते, त्यात महाराष्ट्राचेही तिघं होते. ते कोण, कुठले, मला माहीत नाही. पण त्यांच्या घरीही कुणी आई-बाबा असतील आणि त्यांनी शेजाऱ्यांना ‘पोरगा अमेरिकेत आहे’ एवढंच सांगितलं असेल. कसा गेला ते कुणी सांगत नाही.

आता माझं सांगते. जानेवारी 2023मध्ये शिकागोतली माझी नोकरी गेली. तुम्हाला मी सांगितलं होतं की कंपनीनं मॅडिसनला बदली केली. खोटं होतं. सकाळी साडेनऊला मेल आली, दुपारी लॅपटॉप बंद. माझ्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला नोकरी सुटली की 60 दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं तुमचा अर्ज सरकारकडे दाखल करायचा, नाहीतर देश सोडायचा. समीरचा व्हिसा माझ्या व्हिसाला बांधलेला. आरवचा मात्र अमेरिकन पासपोर्ट, कारण तो इथे जन्मला. म्हणजे घरात तिघं, त्यातला एक नागरिक आणि त्याला सांभाळणारे दोघं साठ दिवसांचे पाहुणे.

समीरनं फ्रीजवर कॅलेंडर लावलं होतं. रोज रात्री एक चौकोन खोडायचा. सत्तेचाळिसाव्या दिवशी इथल्या कंपनीनं होकार दिला, पंचावन्नाव्या दिवशी अर्ज गेला. पाच चौकोन उरले होते. त्या काळात तुम्ही फोनवर विचारायचात, ‘काम कसं चाललंय?’ आणि मी म्हणायचे, ‘मजेत.’

बाबा, एकसष्टाव्या दिवशी मी कोण झाले असते? डिग्री तीच, भरलेला कर तोच, रस्त्यावर सिग्नल पाळणारी बाई तीच. इथे कागदाविना राहणाऱ्यांतले कितीतरी जण भिंत चढून आलेले नाहीत. ते विमानानं, शिक्क्यासह आले आणि मुदत संपल्यावर गेले नाहीत. त्यातल्या कुणाकुणाच्या घरी फ्रीजवर असंच कॅलेंडर असणार. मी परतले असते, हे मी आज छातीठोकपणे म्हणू शकते. चौपन्नाव्या दिवशी म्हणू शकत नव्हते. आरवची शाळा मधेच तोडायची, घराचं भाडं, आणि ‘आणखी महिनाभर थांबू, काहीतरी होईल’ असं सांगणारं मन. माणूस गुन्हेगार व्हायचं ठरवून होत नाही, महिनाभर थांबतो.

परवा शनिवारी इथल्या मराठी मंडळींची कोजागरी झाली. थंडीत गॅलरीत कोण बसणार, म्हणून चंद्र खिडकीतून पाहायचा आणि दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं. भेळ झाली, गाणी झाली आणि मग गाडी याच विषयावर आली. एक काका पंचवीस वर्षांपूर्वी आलेले, आता नागरिक. म्हणाले, ‘आम्ही रांगेत उभे राहिलो, वकिलांना पैसे दिले. हे मागच्या दारानं येतात आणि दयाही यांचीच.’ बऱ्याच माना डोलल्या. खरं सांगायचं तर त्यात माझीही होती. माझा ग्रीन कार्डचा अर्ज 2015चा. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 कार्डं, त्यात घरचे लोकही धरलेले आणि एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. सध्या आमच्या रांगेत 2013चे अर्ज चालू आहेत. दोनच वर्षं राहिली, असं वाटेल. पण ही तारीख कधी महिनोन्महिने हलत नाही आणि कधी चक्क मागे जाते. रेशनच्या दुकानासमोर उभं राहून रॉकेल संपल्याचं ऐकणाऱ्याला मधेच घुसणाऱ्याचा जो राग येतो, तोच हा.

पण ज्यांच्यावर हा राग काढतो ते आमच्या रांगेत घुसलेलेच नाहीत. त्यांच्यासाठी रांगच नाही. हे मला कामावर कळलं, आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण विषय दुधाचा आहे.

तुम्ही एकतीस वर्षं दूध संघात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला घन भाग, मोजलंत. मी आता त्याच मोजणीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे, हे तुम्ही गावभर सांगता. यंत्र बिघडलं की मला गोठ्यावर जावं लागतं. इथे गाडीच्या नंबर प्लेटवरही ‘अमेरिकेची दुग्धभूमी’ असं छापलेलं असतं. राज्यात बारा लाखांहून जास्त गाई. मोठ्या गोठ्यात दिवसातून तीनदा धारा काढतात, म्हणजे रात्री दोनलाही कुणीतरी सडं पुसत उभं असतं. ते कोण असतं? मेक्सिकोच्या वेराक्रूझकडचे, अलीकडे निकाराग्वाचे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या 2023च्या पाहणीत निघालं की इथल्या गोठ्यांवरचं सुमारे सत्तर टक्के काम कागदपत्रं नसलेली माणसं करतात. दहा हजारांहून जास्त.

त्यांनी रीतसर का येऊ नये? शेतमजुरांसाठी एक व्हिसा आहे, पण तो हंगामी कामाचा. सफरचंदं तोडायला चालतो. गाय हंगामी नसते ना बाबा! ती वर्षभर दूध देते, म्हणून गोठ्याला तो व्हिसा लागू नाही. कायदा लिहिणाऱ्यांत एकही गवळी नसावा. शेण काढणाऱ्या माणसानं ‘रांगेत उभं राहायचं’ म्हणजे कुठल्या खिडकीसमोर, हे मी त्या काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘मग येऊच नये.’ हेही एक मत आहे, आणि बोलून चालून प्रामाणिक. फक्त मग दूध कोण काढणार, हेही त्याच दमात सांगावं.

ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर मी जाते त्यानं गेल्या वर्षी ट्रम्प यांना मत दिलं. लपवत नाही, गेटवर पाटी आहे. टीव्हीवर सीमेची दृश्यं आली की ‘हाकला सगळ्यांना’ म्हणतो. आणि स्वतःच्या गड्यांना? त्यांना तो स्वतः गाडीतून दुकानात नेतो, कारण 2007पासून या राज्यात कागद नसलेल्याला गाडीचं लायसन्स मिळत नाही आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर काय, याची त्यालाच धास्ती. ‘माझी पोरं वेगळी आहेत,’ म्हणतो. मला आधी हा ढोंगीपणा वाटायचा. मग ओळखीचं काहीतरी वाटू लागलं. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा आपल्याकडे काय चालतं? चोरी झाली की पहिलं बोट पालांकडे. आणि ऊस वाळायला लागला की मुकादमाच्या हातापाया पडायचं. त्यातला एखादा कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, वर्षानुवर्षं आपल्याच बांधावर येत असेल तर ‘आमची माणसं आहेत, बाकीच्यांसारखी नाहीत.’ मेक्सिकोची माणसं सीमा पार करून देणाऱ्या दलालाला ‘कोयोटे’ म्हणतात, हे ऐकल्यावर मला हटकून आपला कोयता आठवला. शब्दांचं नातं काही नाही. पण उचल घेऊन निघालेली जोडपी तिथेही आहेत, इथेही. तुम्ही म्हणाल, बीडची माणसं आपल्याच राज्याची, मतदार, त्यांची तुलना करू नकोस. बरोबर. कायद्यात तुलना नाहीच. मी फक्त बांधावरच्या बोलण्याबद्दल सांगतेय.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. इथून तासाभरावर व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे, पंधरा-एक हजार वस्तीचं. 2022नंतर तिथे आठशे ते हजार नवे लोक आले, बहुतेक निकाराग्वाचे. 2023च्या शेवटी तिथल्या पोलीस प्रमुखांनी थेट तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांना पत्र लिहिलं. काही गंभीर गुन्ह्यांचा उल्लेख त्यात होता, पण मुख्य दुखणं हे की विनालायसन्स गाडी चालवणाऱ्यांमागे पोलिसांचा दिवस जातो, भाषा कळत नाही, माणसं कमी पडतात. मागितली ती मदत. त्या पत्राचा पुढे टीव्हीवर तमाशा झाला. गाव लहान, वर्ग भरलेले, घरं महाग, अशा वेळी ‘जरा थांबा’ म्हणणारा प्रत्येक जण दुष्ट नसतो. देशाला दार असावं आणि दारावर माणूस असावा, असंच मला वाटतं.

पण लोकांचं मत म्हणून जे तुम्ही रोज ऐकता ते किती पातळ आहे पाहा. गॅलप नावाची संस्था दरवर्षी अमेरिकन लोकांना विचारते, स्थलांतर कमी व्हावं का? 2024मध्ये 55 टक्के म्हणाले, हो. 2001नंतर इतका आकडा आला नव्हता. वर्षभरातच, या उन्हाळ्यात, तो 30वर आला. कागद नसलेल्या सगळ्यांना परत पाठवा म्हणणारे 47वरून 38वर. सीमा शांत झाली आणि धाडी आपल्या गल्लीत आल्या, तसा ओळखीच्या हॉटेलातला कूक, चर्चमधली बाई आठवली, एवढंच मला यातून दिसतं. दुधात पाणी कुणी घातलं याचा शोध लावताना तुम्ही म्हणायचात, ‘कधीचं सॅम्पल आहे ते आधी सांग.’ मतांचंही तेच.

आणि ‘कायद्यानं या, आम्ही स्वागत करतो’ हे वाक्य तरी किती टिकतं? 19 सप्टेंबर आठवतो? नव्या एच-वन-बी अर्जाला, म्हणजे माझ्यासारख्या नोकरीच्या व्हिसाला, एक लाख डॉलर. सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी. कंपन्यांनी मेल पाठवल्या, बाहेर असाल तर ताबडतोब परत या. सुटायच्या बेतातल्या विमानातून लोक उतरले. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की जुन्यांना लागू नाही. त्या रात्री तुम्ही फोनवर किती चिडला होतात, ‘काय अन्याय आहे, शिकलेल्या पोरांवर!’ जानेवारीत जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वाविरुद्ध जो आदेश निघाला, त्यात तर चोरून आलेली आई आणि माझ्यासारखी तात्पुरत्या व्हिसावरची आई एकाच कागदावर आहेत. कोर्टानं तो अडवला. पण त्या दिवशी मला कळलं की आम्हा दोघींना वेगळं मानण्याची सक्ती कुणावरच नाही.

‘आपली माणसं पहिल्यापासून रीतसरच गेली’ हेही खरं नाही, बाबा. 1917 ते 1946 भारतीयांना इथे दारच बंद होतं. तेव्हा पंजाबी शेतकरी मेक्सिकोतून सीमा ओलांडून कॅलिफोर्नियात आलेले आहेत. 1923मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद यांना, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात असलेल्या माणसाला, ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. त्यावरून आधी मिळालेली इतरांची नागरिकत्वंही काढून घेतली. त्यांच्या बाजूनं लढलेले वकील सखाराम गणेश पंडित. नावावरून आपल्यातलेच वाटतात ना? जन्म अहमदाबादचा. त्यांनी स्वतःचं नागरिकत्व कोर्टात लढून टिकवलं. 1946मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर भारतीय. अख्ख्या देशातून शंभर.

बेड्यांचं म्हणाल तर, परत पाठवायचा हक्क मी मानते. ज्यानं कुणाला मारलं नाही, त्याच्या पायात साखळी कशाला, एवढंच मी विचारते. आणि तो व्हिडिओ पाहून आपण हसावं, हे मला तुमच्याकडून बघवलं नाही.

मी ऑपरेशनला आले नाही म्हणून आई मनातून नाराज आहे, मला कळतं. व्हिसाचा शिक्का जुना झालाय. आले तर मुंबईत मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत अडकणार, इकडे नोकरी. तुम्हाला कायमचं इथे आणणं तर नागरिक झाल्याशिवाय शक्यच नाही, आणि त्या हिशेबाची बेरीज मी करत नाही. रीतसर असण्याचं हेही एक रूप आहे. डिसेंबरची तारीख बघतेय. मिळाली तर मुंबईहून थेट येईन, नाही मिळाली तर रागवू नका.

एक काम मात्र आहे. गोठ्यावरच्या एका गड्याशी माझी मोडक्या स्पॅनिशमध्ये दोस्ती झालीये. नाव लिहीत नाही. नऊ वर्षं घरी गेलेला नाही. त्याच्या आईचंही डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानं ते फोनवर पाहिलं. त्याला मी म्हटलं की आमच्याकडे म्हशीच्या दुधाला सात फॅट लागते. खोटं बोलतेस म्हणाला. इथल्या होल्स्टीन गाईचं दूध जेमतेम चार. मी म्हटलं, माझ्या बाबांना विचार, त्यांनी आयुष्यभर तेच मोजलंय. तर बाबा, आपल्या दारच्या म्हशीची धार काढतानाचा आणि फॅट लावून आकडा दाखवतानाचा व्हिडिओ करून पाठवा. जरा जवळून घ्या, आकडा दिसायला हवा.

तुमची,
मनी