जोतिबाच्या आराखड्यात पायवाटेचा विचार आधी व्हावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

श्रीक्षेत्र वाडी रत्नागिरी, म्हणजे आपल्या जोतिबा डोंगराच्या विकासासाठी राज्य सरकारने मे २०२५ मध्ये सुमारे २५९ कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली, त्याला आता बराच काळ लोटला. गावात या विषयावर जी बोलणी कानावर येतात, ती बहुतेक वाहनतळ, रुंद रस्ते, दर्शनमंडप आणि अधूनमधून रोपवे यांच्याभोवती फिरत असतात. यांपैकी काही सोयी आवश्यक आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु या सगळ्या चर्चेत एका गोष्टीचा उच्चार मला फारसा ऐकू येत नाही आणि ती म्हणजे डोंगरावर चालत जाणाऱ्या माणसाची वाट. त्यासंबंधी चार शब्द आपल्या वाचकांपुढे मांडावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निमित्त थोडे दूरचे आहे. माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त फ्रान्समधील तुलूझ या शहरात राहतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी आणि माझे यजमान त्यांच्याकडे गेलो असता, तेथून मोटारीने दोन-अडीच तासांवर असलेले रोकामादूर हे कड्यावरचे तीर्थक्षेत्र पाहण्याचा योग आला. आल्झू नावाच्या लहानशा नदीने चुनखडीच्या पठारात खोल दरी कोरली आहे आणि त्या दरीच्या उभ्या कड्याला हे गाव अक्षरशः चिकटलेले आहे. खाली एकाच अरुंद रस्त्याच्या दुतर्फा घरे, त्यांच्या वर कड्याच्या कुशीत प्रार्थनामंदिरांचा समूह आणि अगदी माथ्यावर किल्ला, अशी त्याची तीन मजली रचना आहे. नदीवर घरे, घरांवर देवळे, देवळांवर कडा आणि कड्यावर किल्ला, असे त्या गावाचे वर्णन तिकडे केले जाते आणि ते शब्दशः खरे आहे. अमादूर नावाच्या एका तपस्व्याचा न कुजलेला देह ११६६ मध्ये तेथे सापडला, अशी श्रद्धा आहे. त्यानंतर युरोपभरातून यात्रेकरूंची रीघ लागली. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि फ्रान्सचा नववा लुई यांनीही त्या पायऱ्या चढल्या. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थाकडे जाणाऱ्या फ्रान्समधील मार्गांचा भाग म्हणून १९९८ पासून या स्थानाची नोंद जागतिक वारशात आहे.

मला मात्र त्या गावाच्या वयापेक्षा ते गाव पाहुण्याला ज्या क्रमाने दाखवले जाते, त्या क्रमाचे अधिक अप्रूप वाटले. आम्ही प्रथम थांबलो ते गावात नव्हे, तर समोरच्या पठारावरील लोस्पिताले नावाच्या वस्तीजवळ. मध्ययुगात तेथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळावजा रुग्णालय होते, त्यावरूनच त्या वस्तीला हे नाव पडले. त्या जागेवरून दरीपलीकडचा संपूर्ण कडा, त्यावरची घरे, देवळे आणि किल्ला एका नजरेत मावतात. सकाळचे धुके विरत होते आणि उन्हाचा पहिला पट्टा नेमका देवळांच्या छपरांवर पडला होता. दूरवरून पायी आलेल्या थकल्या यात्रेकरूला शेकडो वर्षे हेच पहिले दर्शन घडत आले आहे. आपल्याकडे पंढरपूरच्या वाटेवर कळस दिसताच वारकरी हात जोडतो, तसा हा क्षण. तो क्षण तिकडे जपून ठेवला आहे. त्या बाजूला नजर अडवणारी एकही उंच इमारत किंवा जाहिरातीचा फलक मला दिसला नाही.

गाड्या पठारावर किंवा खाली दरीत ठेवायच्या आणि पुढे चालायचे, हा तेथला शिरस्ता आहे. हंगामात गावातील मुख्य रस्त्यावर बाहेरच्या वाहनांना मज्जाव असतो. रस्त्यापासून देवळांच्या चौकापर्यंत २१६ पायऱ्या आहेत आणि पूर्वी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत असत. काही जण आजही चढतात. माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, म्हणून दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी मी थांबत होते. त्या थांबण्यामुळेच मला पायऱ्या नीट पाहता आल्या. प्रत्येक पायरीचा मधला भाग पावलांनी घासून बशीसारखा खोलगट झाला आहे, कडा मात्र अजून धारदार आहेत. रात्रीच्या पावसाचे पाणी त्या खोलगटीत साचले होते. ज्यांना हे चढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी कड्याच्या आतून वर नेणारी लिफ्ट आहे आणि देवळांपासून किल्ल्यापर्यंत उताराच्या रुळांवर चालणारा डबाही आहे. या सोयी कड्याचे रूप न बिघडवता बसवल्या आहेत आणि त्या असूनही चालणाऱ्याचा मार्ग हाच मुख्य मार्ग मानला जातो.

वर पोहोचल्यावर एका लहानशा, काजळलेल्या देवळात अक्रोडाच्या लाकडात कोरलेली माता मेरीची काळी मूर्ती आहे. ती बाराव्या शतकातील मानतात. मांडीवर बाळ घेऊन ताठ बसलेली ती कृश मूर्ती पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. अंबाबाईच्या गावच्या माणसाला काळ्या मूर्तीपुढे परकेपणा वाटणे शक्यच नाही. छताला गलबतांच्या लहान प्रतिकृती टांगलेल्या होत्या. समुद्रावरच्या वादळात नवस बोलून वाचलेल्या खलाशांनी त्या वाहिल्या आहेत. देवळाच्या दाराबाहेर, वरच्या खडकाच्या भेगेत एक जुनी तलवार खोवलेली असे. ती रोलाँ नावाच्या वीराची, अशी कथा आहे. जून २०२४ मध्ये ती तेथून नाहीशी झाली. आम्ही गेलो तेव्हा भेग रिकामी होती, तरीही एक आजोबा आपल्या नातवाला बोट वर करून तीच कथा सांगत होते.

त्या गावाचे सर्वच गोड आहे, असे मी म्हणणार नाही. सहाशेच्या आसपास लोकवस्तीचे ते गाव वर्षाला दहा लाखांहून अधिक पाहुणे झेलते आणि त्यामुळे मुख्य रस्त्यावरील जवळपास प्रत्येक दार हे दुकानाचे दार झाले आहे. संध्याकाळी दुकाने बंद झाली, की दिवा लागलेली खिडकी क्वचितच दिसते. शिवाय १५६२ मधील धर्मयुद्धात ही देवळे लुटली आणि जाळली गेली होती, त्यामुळे आज मध्ययुगीन म्हणून जे दिसते त्यातला बराच भाग एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराचा आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण जुने रूप गेले म्हणजे सगळे संपले, असे नसते. मूळ दगडाशी इमान राखून ते परत उभे करता येते.

आता आपल्या डोंगराकडे येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंचीवरचे हे गाव, राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये पूर्वीच्या देवळाच्या जागी उभारलेले केदारनाथाचे, म्हणजेच जोतिबाचे मंदिर, शेजारची केदारेश्वर आणि रामलिंग ही मंदिरे, दीपमाळा, यमाईचे ठाणे आणि समोर पसरलेला पन्हाळा. जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याचा मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशात समावेश झाल्यापासून त्या बाजूला येणारा पाहुणा वाढणार, हे उघड आहे. मात्र हा पाहुणा जोतिबा कसा पाहतो? काही महिन्यांपूर्वी एका सहलीच्या बसमधून पुण्याहून आलेले आमचे नातेवाईक डोंगरावर एकूण चाळीस मिनिटे होते. बस पार देवळाच्या जवळ गेली, दर्शन झाले, गुलालाची पुडी घेतली, फोटो काढले आणि मंडळी पन्हाळ्याकडे निघाली. डोंगर कसा होता, असे मी विचारले, तेव्हा त्यांना फक्त पार्किंगची गर्दी आठवत होती. दोष त्यांचा नाही. आपण त्यांच्यापुढे दुसरे काही ठेवलेलेच नव्हते.

वास्तविक रोकामादूरला हेवा वाटावा, अशी वाट आपल्याकडे आहे आणि ती जिवंत आहे. माघ महिन्यातील पाच रविवारी कोल्हापूरकर जे खेटे घालतात, म्हणजे डोंगरावर पायी जातात, त्यांची ही वाट. रुसून निघालेल्या केदारनाथाला परत आणण्यासाठी अंबाबाई कोल्हापूरहून अनवाणी चालत गेली, ही कथा आमच्या पिढीने आजीच्या तोंडून ऐकली आहे. तिच्याच पावलांवर पहाटे पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे करत माणसे गायमुखाशी येतात आणि तेथून चढणीला लागतात. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे खेटे घातले आहेत. कुशिऱ्याच्या पुढे झुंजूमुंजू होताना समोर डोंगराची काळी कड दिसते, वर चार दिवे लुकलुकत असतात आणि पुढे चालणाऱ्या कोणाच्या तरी तोंडून ‘चांगभलं’ निघते, तेव्हा जे वाटते ते देवळाच्या दारात गाडीतून उतरल्यावर वाटत नाही. रोकामादूरच्या यात्रेकरूंना मध्ययुगात कथिलाचा किंवा शिशाचा एक लंबगोल बिल्ला मिळत असे आणि तो अंगरख्याला शिवून ते अभिमानाने गावी परतत. आपल्याकडे खेटेकऱ्याच्या सदऱ्यावरचा गुलाल हाच तो बिल्ला. तो धुतला तरी कॉलरच्या शिवणीत महिनाभर राहतो.

अशा या वाटेची आजची अवस्था सांगायला मला वाईट वाटते. गायमुखाच्या वरच्या चढणीवर दगड निसटले आहेत, सावलीची झाडे विरळ झाली आहेत आणि माघातले पाच रविवार व चैत्र यात्रेचे दिवस सोडले, तर पिण्याच्या पाण्याची खात्री देता येत नाही. वाट जेथे डांबरी रस्त्याला मिळते तेथे चालणाऱ्याने कोठून जावे, हे कळत नाही. गेल्या माघात माझ्यापुढे चालणाऱ्या एका अनवाणी म्हाताऱ्या बाईंना वळणावर मागून आलेल्या जीपमुळे कडेच्या खडीत उतरावे लागले आणि त्यांच्या टाचेतून रक्त आले. त्यांनी पदराच्या काठाची चिंधी बांधली आणि त्या पुढे चालू लागल्या. त्या जीपवाल्यावर मला राग काढायचा नाही. त्यालाही दुसरा रस्ता नाही.

म्हणून माझे कळकळीचे म्हणणे असे आहे, की आराखड्यातील कामांचा क्रम लावताना कुशिरे ते मंदिर या वाटेला पहिला मान मिळावा. ती सिमेंटची करू नये, डोंगराच्याच काळ्या दगडात ठिकठिकाणी रुंद पायऱ्या आणि बसायला कट्टे करावेत. वड, पिंपळ, करंज अशी येथली झाडे लावून ती किमान पाच वर्षे जगवण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून द्यावी. ज्या वळणावरून डोंगर प्रथम पूर्ण दिसतो, तेथे थांबण्याची जागा करावी आणि अंबाबाईच्या खेट्यांची कथा, राणोजी शिंद्यांचे काम, सासनकाठ्यांची परंपरा ही माहिती शुद्ध मराठीत लिहिलेला एक साधा दगडी फलक लावावा. वाहने गावाबाहेर थांबवून पुढे लहान बसगाड्या सोडाव्यात. वृद्ध आणि अपंग भाविकांना त्यातून थेट देवळाजवळ नेता येईल आणि माझ्यासारख्यांचे गुडघे अगदीच थकतील, तेव्हा आम्हालाही त्याच बसचा आधार असेल. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता कसा खचला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तसाच उतार पोखरून येथे आणखी रुंद रस्ते आणि आणखी वाहनतळ करण्याआधी त्याचा विचार व्हायला हवा.

आणखी एक गोष्ट रोकामादूरची ती अंधारी खिडक्यांची संध्याकाळ पाहिल्यापासून माझ्या मनात घर करून आहे. जोतिबावर पिढ्यान्‌पिढ्या पुजारी मंडळींच्या घरी त्यांच्या त्यांच्या गावचे यात्रेकरू उतरतात. लातूर, सातारा, बेळगाव अशा भागांतून आलेल्या कुटुंबांची नावे, त्यांचे नवस, त्यांच्या घरातली लग्ने त्या घरांना ठाऊक असतात. चुलीवरची भाकरी आणि ओसरीवर अंथरलेली सतरंजी ही डोंगराची खरी धर्मशाळा आहे. रुंदीकरण आणि नवी संकुले यांच्या ओघात ही घरे देवळापासून दूर लोटली गेली, तर दहा वर्षांनी पाहुण्याला दाखवायला आपल्याकडे दुकानांची रांग तेवढी उरेल. जेथे घरे हलवणे टाळताच येत नसेल, तेथे त्या कुटुंबांशी आधी बोलणे व्हावे आणि त्यांची नवी जागा चालत येणाऱ्या यात्रेकरूच्या वाटेवरच असावी.

आराखड्याचे नकाशे तयार करणारे अधिकारी, वास्तुविशारद आणि आपले लोकप्रतिनिधी यांना माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे, की येत्या माघातील एखाद्या रविवारी त्यांनी पहाटे पंचगंगेच्या घाटावरून आमच्याबरोबर निघावे आणि गायमुखाची चढण स्वतःच्या पायांनी चढावी. नकाशे बरोबर आणावेत. गायमुखाशी बसून चहा घेता घेता ते उलगडून पाहता येतील आणि वाटेत काय कोठे हवे, हे तेथे बसलेले खेटेकरी त्यांना बोट ठेवून दाखवतील.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर