दुसऱ्या मात्रेवरची टाळी

कँटन, मिशिगन
२८ सप्टेंबर

प्रिय विदे,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही एक मेसेज टाकला आणि गप्प बसले. रागावली असशील. राग, पण आधी हे वाच, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. श्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "पोरवय आहे, होईल ठीक." त्याचंही बरोबर असेल. पण बाईंच्या गाण्याच्या क्लासला तो नव्हता. आपण दोघी होतो.

तब्येती बऱ्या आहेत. माझी शुगर काठावर, श्रीची पाठ आहे तशीच. झालं.

विदे, रेवा तीन आठवडे गायलेली नाही. बाथरूममध्येसुद्धा नाही. आणि ते माझ्यामुळे.

गणपतीत इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात तिनं इथल्या कृष्णवर्णीय गायिकेचं, अरेथा फ्रँकलिनचं, 'रिस्पेक्ट' गायलं. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, मागे मखर, कडेला मोदकांचे ट्रे, आणि ती स्टेजवर माझ्या जुन्या इरकलीच्या ओढणीत. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि लोकांनी हौसेनं टाळ्या धरल्या. कशा, तर आरतीला धरतो तशा. चार मात्रांतल्या एक आणि तीनवर. समेवर दणका. आता ते गाणं उभं आहे दोन आणि चारवर. दोनशे माणसं एकीकडे खेचतायत आणि पंधरा वर्षांची पोर दुसरीकडे. मला घाम फुटला. तिनं गाणं सोडलं नाही, शेवटपर्यंत नेलं. खाली उतरल्यावर कीबोर्डवाले काका म्हणाले, "छान हो बाळ, फक्त लय जरा मागे राहत होती."

आणि मी गाडीत तोंड उघडलं. म्हटलं, लय मागे होतीच. शिवाय त्या सगळ्या हरकती कशाला? फोनवर ऐकून बसवलेल्या, दर ओळीच्या शेवटी एक. हे रिदम अँड ब्लूज नाही, हे पॉप झालं. गळा आहे, गाणं नाही.

शेवटचं वाक्य कुणाचं ते तुला सांगायला नको. ३० वर्षांहून जास्त झाली, विदे. तो शब्द ना शब्द, तो थंड स्वरसुद्धा, माझ्या तोंडातून माझ्याच लेकीवर पडला. बाईंनी ते तुला म्हटलं तेव्हा तू भूपाची बंदिश अर्ध्यावर सोडून उठलीस, चप्पल घातलीस आणि सतारमेकर गल्लीतून एकटी घरी गेलीस. मी मांडीवर तंबोरा घेऊन तशीच बसून राहिले. तारा छेडत राहिले. तुझ्या बाजूनं एक शब्द बोलले नाही, की तुझ्यामागे आलेही नाही. तू पुन्हा क्लासला आली नाहीस आणि मी तुला कधी विचारलं नाही. आपण दहावीचं बोललो, कॉलेजचं बोललो, तुझ्या लग्नातल्या जिलबीचं बोललो. हे नाही.

रेवा गाडीत काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत होती.

त्या रात्री झोप येईना म्हणून श्रीच्या फोनवरचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं. टेबलावर बोटानं दोन आणि चार देत होते. तिचा शब्द माझ्या बोटाच्या मागून येत होता. पहिल्या ओळीत, दुसऱ्या ओळीत, कडव्यात. दरवेळी तेवढाच मागे. जो चुकतो तो कधी पुढे जातो, कधी मागे राहतो, सावरायला धावतो. ही धावत नव्हती. ती तिथेच राहत होती, मुक्कामाला. मी दहा वेळा ऐकलं. मग मला तू आठवलीस. बाई तुला रोज काय म्हणायच्या? "विद्या, मागे राहतेयस."

दिनूमामांनी जहाजावरून आणलेली कॅसेट आठव. एका बाजूला रे चार्ल्स आणि ओटिस रेडिंग, दुसऱ्या बाजूला त्या वर्षीची खपाची गाणी. तू म्हणायचीस, ही बाजू बोलते आणि ती बाजू गाते. मी म्हणायचे, दोन्ही इंग्रजीच की. (टेप मी खराब केली नाही. तुझ्या प्लेअरनं खाल्ली आणि पेन्सिल घालून मी गुंडाळली. यावर मी मरेपर्यंत ठाम आहे.) तुझं म्हणणं मला कळायला २०१८ उजाडलं.

त्या ऑगस्टमध्ये अरेथा गेली. डेट्रॉइट तिचं गाव, तिचे वडील इथेच न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचनं करायचे. चार्ल्स राइट म्युझियममध्ये तिला शेवटचं बघायला लोक तासन् तास रांगेत होते, मीही सुट्टी टाकून गेले. सोनेरी पेटी, लाल झगा, लाल उंच टाचांचे बूट. रांगेत लोक तिचीच गाणी म्हणत होते आणि मीही टाळी धरली. पुढच्या एका कृष्णवर्णीय आजींनी वळून बघितलं, हसल्या आणि माझं मनगट धरलं. एकला घट्ट धरून ठेवायच्या, दोनला सोडायच्या. तीनला धरायच्या, चारला सोडायच्या. चार-पाच आवर्तनं झाली आणि माझं सगळं अंग वेगळ्याच बाजूला झुकलं. आपला भार समेवर, पुढे पडणारा. हा भार मागे टेकणारा. तुझ्या गाण्यात तो होता, विदे. तुला तो कुणी शिकवला नव्हता.

तेव्हापासून मी याच्या मागे लागले. आधी नावाचंच बघ. अमेरिकेत 'बिलबोर्ड' नावाच्या साप्ताहिकात खपाच्या याद्या यायच्या आणि काळ्या लोकांच्या गाण्यांची यादी वेगळी, तिचं नाव 'रेस रेकॉर्ड्‌स'. १९४९ च्या जूनमध्ये ते बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. सुचवणारा जेरी वेक्सलर, तेव्हा तिथला पत्रकार. म्हणजे हे नाव जन्मलं ते वहीतल्या एका रकान्यासाठी, ऐकणाऱ्याच्या कातडीवरून. पॉप हेही तसं रकान्याचंच नाव: ज्याला त्याला आवडलं, सगळीकडे खपलं, ते पॉप. कितीतरी दिवस मला वाटायचं की फरक एवढाच. मग एकच गाणं दोन गळ्यांत ऐकलं. लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' १९५५ चं. पाठोपाठ पॅट बूननं तेच गायलं आणि पॉपच्या यादीत बून १२ व्या जागी गेला, रिचर्ड १७ व्या. बूनचं ऐक. प्रत्येक अक्षर जागच्या जागी, इस्त्री केल्यासारखं. चाल हुबेहूब, आणि गाणं तिथे नाही.

पॉपमध्ये चाल राणी असते. शीळ घालता येते, कुणीही गायली तरी ओळखू येते, गाणाऱ्यानं तिच्या मापात बसायचं. रिदम अँड ब्लूजमध्ये चाल बंदिशीसारखी, मांडायपुरती. पुढे उपज. तीच ओळ चार वेळा येईल आणि चारही वेळा तिचा अर्थ सरकेल. गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही, दोघांच्या मधे कुठेतरी दुखरा. मागे गाणाऱ्या पोरी कीर्तनातल्या टाळकऱ्यांसारख्या: बुवांनी म्हटलं की यांनी उचलायचं, यांनी उचललं की बुवा आणखी चढणार. हे सगळं त्यांच्या चर्चमधून आलंय. फक्त देवाच्या जागी माणूस आला.

'रिस्पेक्ट'च घे. मूळ ओटिसचं, १९६५ चं. दमून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतोय. अरेथानं १९६७ च्या १४ फेब्रुवारीला ते रेकॉर्ड केलं आणि शब्द फिरवून बाईचं केलं. ती अक्षरं एकेक करून म्हणणं, जे आज पोरासोरांना पाठ आहे, ते ओटिसच्या गाण्यात नव्हतंच, ते हिनं घातलं. मागे हिच्याच बहिणी. त्याआधी सहा वर्षं एका मोठ्या कंपनीत तिच्याकडून गोड, व्हायोलिनं लावलेली गाणी गाऊन घेतली, फारसं काही झालं नाही. अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीत आल्यावर तिला पियानोवर बसवलं, तिचा स्वतःचा हात, स्वतःचा ठेका. निर्माता कोण? तोच वेक्सलर.

आणि आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. १९६५, मेम्फिसचा स्टॅक्स स्टुडिओ, मुळात जुनं सिनेमा थिएटर. विल्सन पिकेट या गायकाच्या 'इन द मिडनाइट अवर'चं रेकॉर्डिंग चाललंय. वेक्सलर काचेमागून बाहेर आला आणि त्या वेळी पोरं करत तो नाच स्वतः करून दाखवायला लागला: झटका दोनवर कसा बसतो ते बघा म्हणून. ड्रमवर अल जॅक्सन, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर. दोघांनी मिळून दोन आणि चारचा ठोका केसभर उशिरा टाकायला सुरुवात केली. केसभरच, पण दोघांचा एकदम, दरवेळी तेवढाच. तो उशीर ठरवून केलेला आहे, विदे! मी ते ऐकते तेव्हा पोटात खड्डा पडतो, झोका मागे जाऊन क्षणभर थांबतो ना, तसा. जे तुझ्याकडून काढून टाकायला बाई धडपडत होत्या, जे त्या काकांना खटकलं, त्यासाठी तिकडे माणसं नाचून दाखवत होती.

बाई खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. त्या जे शिकवत होत्या त्यात सम गाठायची असते. पण त्यांनी तुला चूक आणि ढब यातला फरक करून द्यायला हवा होता. आणि मी रेवाला.

पॉपवर माझा राग नाही, हेही लिहिते, कारण गाडीत मी तो शब्द शिवीसारखा वापरला. इथून अर्ध्या तासावर मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं घर आहे, वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरचं, आता म्युझियम. बेरी गॉर्डीनं १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन कंपनी काढली, आणि त्याला हे गाणं गोऱ्या पोरांच्या रेडिओवरही वाजायला हवं होतं. म्हणून कितीतरी गाण्यांत ड्रमचा ठोका चारही मात्रांवर, कुणीही टाळी द्या, चुकणार नाही. आपलं मंडळसुद्धा चुकलं नसतं. पण त्याच गाण्यांखाली जेम्स जेमर्सनचा बेस ऐक. एका बोटानं वाजवायचा, आणि तो खाली स्वतःचंच काहीतरी बोलत असतो. कंट्रोल रूममध्ये टेबलाखाली फरशी झिजलीय, पायानं ठेका देऊन देऊन. रेवाला मी तिथे नेलं होतं, ती आठ वर्षांची असताना. तिनं त्या झिजलेल्या जागेवर बूट ठेवून बघितला होता.

व्हिटनी ह्यूस्टन तुला आवडायची, मला माहीत आहे. तिची आई सिसी अरेथाच्या मागे गायची. व्हिटनी स्वतः नुअर्कच्या चर्चमध्ये वाढली. आणि १९८९ च्या सोल ट्रेन पुरस्कारांना, म्हणजे काळ्या लोकांच्या संगीताच्या सोहळ्यात, तिचं नाव घेतलं तेव्हा तिच्याच लोकांतून हुर्यो उठली, ही फार पॉप झाली म्हणून. गाडीत मी त्या हुर्यो करणाऱ्यांतली एक झाले. आणि तेही चुकीच्या जागी. हरकती उसन्या होत्या, हो. पंधराव्या वर्षी सगळ्यांच्याच असतात, आपण नाही का किशोरीताईंच्या ताना चोरायचो? पण ती मागे टेकलेली लय उसनी नव्हती. ते गाणं होतं, आणि मी म्हटलं, गाणं नाही.

मी तिची माफी मागितली. ती "ओके" म्हणाली. इथल्या मुलांचं ओके म्हणजे दाराला कडी. रेकॉर्डिंग ऐकवायला गेले तर म्हणाली, "आई, प्लीज." माझ्या कौतुकावर आता तिचा विश्वास नाही, आणि का असावा? तू तरी कुणाच्या कौतुकावर ठेवला असतास?

म्हणून तुला विचारते. त्या दिवसानंतर कुणी काय म्हटलं असतं तर तू परत गायली असतीस? की काहीच म्हणायला नको होतं? खरं लिही. मला लागेल असं असलं तरी लिही.

आणि जमलं तर एक कर. शनिवारी रात्री नऊला इथून फोन लावते, तुझ्याकडे रविवारची सकाळ साडेसहा. मी फोन रेवाला देऊन खाली जाईन. तिला समजवू नकोस, माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. ती भूपाची बंदिश म्हण, जिथे उठलीस तिथून पुढे. तुझ्या लयीत. "माझं गाणं गेलं" हे मला सांगू नकोस, गेल्या दिवाळीला तू मागे चकल्या तळत गुणगुणत होतीस ते फोनवर मी ऐकलंय.

तन्मयचं बारावीचं काय ठरलं? अनिलरावांची बदली सोलापूरलाच का? तुझं सगळं नीट विचारायचं होतं आणि कागद माझ्याच रडगाण्यात गेला. फोनवर विचारते.

तुझी,
मेधा

ता. क. काकूंना अजून महिनाभर जिना चढू देऊ नकोस. त्या ऐकणार नाहीत, तरी.