तेलाची वाटी काढून घेणाऱ्या सिस्टर मावशींना

प्रिय सिस्टर मावशी,

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा घे आणि गप्प बस" म्हणता. म्हणून लिहून काढतोय, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहितोय.

श्रावणातली ती रात्र. साताऱ्यात चार दिवस पाऊस उघडला नव्हता. आधीच सर्दीने बेजार झालेला आमचा चार वर्षांचा पोरगा दीड वाजता उजवा कान धरून किंचाळत उठला. अंगात ताप. आईने लसूण टाकून तेल गरम केलं, मी पोराचं डोकं मांडीवर दाबून धरलं. तेवढ्यात बायको तुमचं दार वाजवून आली. गाऊनवर शाल गुंडाळून तुम्ही आलात आणि आल्या आल्या आईच्या हातातली वाटी काढून घेतलीत. "काकू, हे त्याच्या तळपायांना चोळा. कानात नको." आईचा मान राहिला, हातांना काम मिळालं. एरवी आमची आई कुणाचं ऐकेल तर शपथ!

मग कानामागे बोट फिरवून सूज आहे का पाहिलंत, कान पुढे ढकलल्यासारखा दिसतोय का, चेहरा वाकडा होतोय का, मान वळते का, उलट्या झाल्या का ते विचारलंत. यातलं काहीही असतं तर सकाळची वाट न बघता निघायचं, म्हणालात. नव्हतं. मी पॅरासिटामॉलची बाटली उघडून अंदाजाने झाकणात ओतत होतो, तर ती हिसकावून ट्यूबलाइटखाली धरलीत. "५ मिलीत १२० आहे की २५०, बघितलंस का? वजन किती याचं?" १४ किलो. किलोला १५ मिलिग्रॅम म्हणजे २१०. आमची बाटली २५०ची, म्हणून ४ मिली. दुसऱ्या बाटलीतून तेवढंच दिलं असतं तर डोस निम्म्यावर आला असता. फ्रिजमधलं मागच्या खेपेचं उरलेलं अँटिबायोटिक मी काढलं, तेव्हा तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. मी ते परत आत ठेवलं.

पोरगा तासाभरात झोपला. तेव्हा तुम्ही पाटीवर चित्र काढून दाखवलंत: नाकाच्या मागून कानाच्या पडद्याआड जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती तुंबली की आत पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात आणि पडदा फुगतो. दुखतं ते पडद्याच्या आतल्या बाजूला. बाहेरून ओतलेलं तेल तिथवर जातच नाही. आणि पडदा फाटलेला असेल तर जातं, हे त्याहून वाईट.

सकाळी कानाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. एकच कान, वय दोनच्या वर, ताप फार नाही, तेव्हा दुखणं कमी करायचं औषध देत दोन दिवस थांबू. दुसऱ्याच रात्री उशीवर पिवळसर पाण्याचा डाग पडला आणि पोरगा मात्र हसतोय. माझे हातपाय गळाले. तुम्ही म्हणालात, पडद्याला भोक पडून आतला दाब सुटला, म्हणून दुखायचं थांबलं. आता कान कोरडा ठेव, आत काही घालू नकोस आणि सकाळी दाखव. मग अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स झाला, काही आठवड्यांत भोक बुजलं. तरी तो टीव्हीचा आवाज वाढवतोय हे आमच्याआधी तुमच्याच लक्षात आलं. पडद्यामागे पाणी अजून होतं. ते तीन महिन्यांपर्यंतही राहू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या तपासणीला ते गेलेलं होतं.

माझी फजितीही लिहितोच. ओल्या हेल्मेटने कान खाजायचा आणि मी स्कूटीच्या किल्लीने कोरायचो. कान ठणकायला लागल्यावर तुम्ही कानाच्या तोंडाशी असलेल्या कूर्चेवर नुसतं बोट दाबलंत आणि मी ओरडलो. "हे बाहेरच्या नळीचं. किल्लीचं बक्षीस." डॉक्टरांनी कान साफ करून थेंब दिले. तेच थेंब पोरासाठी जपून ठेवू का, असं विचारल्यावर खाल्लेल्या शिव्या अजून पाठ आहेत. पडद्याला भोक असताना काही थेंब आतल्या कानाला इजा करतात, हे मला कुठे माहीत!

आणि आमचे अण्णा. महिनाभर कान दुखतोय म्हणत होते, कान तर आरशासारखा स्वच्छ. तुम्ही त्यांना तोंड उघडायला लावलंत. खालची अक्कलदाढ किडलेली. दाढेची आणि कानाची कळ एकाच वाटेने जाते म्हणालात. दाढ नीट असती तर तुम्ही घसा आणि जीभ तपासायला पाठवणारच होतात, कारण तंबाखू खाणाऱ्याचा कान उगाच दुखत राहिला तर तो घशातला कॅन्सरही असू शकतो. हे तुम्ही त्यांच्यासमोरच, आवाज न चढवता सांगितलंत. तंबाखूची चंची त्यांनी अजून सोडलेली नाही. पण सहा महिन्यांनी तोंड दाखवायला ते आपणहून जातात, तेही छत्री शोधत पावसात.

तुमचा स्टीलचा डबा पोराच्या हाती परत पाठवतोय. आईने त्यात लसणाची चटणी भरून दिलीय. आमच्या घरातला लसूण हल्ली तिथेच जातो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा