दोन अर्धी तिकिटं आणि हत्यारांची पिशवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फिरायला निघालेल्या जोडप्यांनी वाटेत जमेल तेवढा वेळ एखाद्या संस्थेत सेवा करावी, असं सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. विचार चांगला आहे, आम्ही दोघं तेच करतो. पण लेखासोबतच्या फोटोत जे जोडपं होतं, त्यातल्या बाईंच्या हातातल्या फावड्याला मातीचा कणही लागलेला नव्हता. ते बघून हे म्हणाले, "लिही काहीतरी." म्हणून लिहिते.

आम्ही कराडचे. यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, आता भाच्याकडे दिलंय. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. समाजसेवेचं कुठलंही शिक्षण आम्हाला नाही आणि सुरुवात तर फारच वाईट झाली.

२०१८ सालची गोष्ट. गावांनी श्रमदानानं पाणी अडवायची पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा चालू होती, ८ एप्रिल ते २२ मे. त्या वर्षी राज्यातले ७५ तालुके त्यात होते. १ मे रोजी शहरातल्या लोकांनी 'जलमित्र' म्हणून गावात जाऊन श्रमदान करावं असं आवाहन होतं. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींतली सहा जोडपी जीप करून माण तालुक्यातल्या एका गावाला गेली. चहा, नाश्ता, टोप्या असं करत आम्ही पोचलो साडेआठला. गाव सहापासून डोंगरउतारावर होतं. दोन काठ्या आणि मध्ये पाणी भरलेली पारदर्शक नळी, एवढ्याच साधनानं त्यांनी उतारावर समपातळी काढून फक्कीच्या रेषा मारल्या होत्या. त्या रेषांवर सलग समतल चर खणायचे. पुरुष कुदळ मारत होते, बायका घमेली उचलत होत्या. मला घमेलं देत होते, पण मी हट्टानं कुदळ घेतली. बाईनं काय घमेलीच उचलायची का, वगैरे.

पाऊण तासात मला भोवळ आली.

दोन बायांनी मला धरून खाली लिंबाखाली नेलं. एकीनं मीठ-साखर-लिंबाचं पाणी आणलं, दुसरी पदरानं वारा घालत बसली. मी म्हणते, "तुम्ही जा, मी बरी आहे," तर म्हणाल्या, "तुमी गप पडा, ताई." त्यांचा चर तसाच राहिला. ऊन चढल्यावर सगळे खाली आले, तेव्हा त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "उद्या अजून बिगीनं यायला लागंल." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मला मात्र ते वाक्य अजून ऐकू येतं. मदतीला गेलेली मी त्या दोघींची अख्खी सकाळ खाऊन बसले होते. वर आमच्या बारा जणांचं जेवण गावानंच केलं होतं!

दुपारी मला समाजमंदिरात आडवं केलं. तिथं कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कागदाखाली चार शिलाई मशिनं. प्रत्येकावर देणगीदाराचं नाव लाल ऑइलपेंटनं, कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. हे माझ्यापाशी बसून होते, पण त्यांचा डोळा मशिनांवर. शेवटी उठून कागद काढलाच. बाईंना विचारलं तर कळलं की चारी मशिनं 'बिघडली' म्हणून वर्षभर बंद. बिघडलं काय होतं? एकाचा पट्टा सुटलेला. एकात सुई उलटी बसवलेली, त्यामुळे टाका पडत नव्हता. एकाच्या शटलमध्ये धाग्याचा गोळा अडकलेला. चौथ्याचा मात्र काहीतरी गंभीर मामला होता. जीपच्या ड्रायव्हरकडचा स्क्रू ड्रायव्हर आणि खिशातलं दोन रुपयांचं नाणं एवढ्यावर यांनी संध्याकाळपर्यंत तीन मशिनं चालू केली. एक आजी लगेच वाकळ घेऊन आल्या, "ही शिवून बगू या." नको नको म्हणेपर्यंत वाकळ पायाखाली सरकवली आणि सुई कडकन मोडली. दुसरी सुई नव्हती. चाललेलं मशीन पुन्हा बंद.

त्या मोडलेल्या सुईपासून आमची पिशवी सुरू झाली. तीत सुयांची पाकिटं, चामडी पट्ट्याची गुंडाळी आणि त्याच्या तारा, बॉबिन, बॉबिन केस, दोन शटल, पाने-पक्कड, मशीनच्या तेलाच्या कुप्या असतात. वजन अकरा किलो. माझ्या कपड्यांची पिशवी याहून हलकी असते, हे लिहून ठेवलेलं बरं.

कोरोनाची दोन वर्षं सोडली तर तेव्हापासून आम्ही दर वर्षी पंधरा-वीस दिवस निघतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, हे पासष्टीच्या पुढे गेल्यावर त्यांनाही अर्धं. दोघांचं मिळून एक तिकीट! हे आता पंच्याहत्तरीची वाट बघताहेत, तेव्हा फुकट. सवलत राज्यातच असल्यामुळे आमची भारतभ्रमणं वगैरे काही होत नाहीत. थोडं देवदर्शन, एखादा किल्ला (पायथ्यापासून, माझे गुडघे) आणि वाटेतल्या दोन-तीन संस्था, असा आमचा प्रवास.

जोडप्यानं जाण्याचा एक फायदा लेखात आलेला नाही. बंद मशिनं सर्वांत जास्त असतात ती मुलींच्या वसतिगृहांत आणि महिलांच्या आधारगृहांत. तिथं एकटा पुरुष, तोही हत्यारांची पिशवी घेतलेला, दारातूनच परत जातो, आणि जायलाच पाहिजे. मी सोबत असले की फाटक उघडतं. तरी आम्ही आधी पत्र पाठवतो, फोन करतो, आधारच्या प्रती देतो आणि हे काम करत असतात तेव्हा खोलीत मी किंवा तिथल्या बाई असतातच. मुलींना 'तुझे आई-वडील कुठे असतात' हा प्रश्न विचारायचा नाही, हे मला एका गृहमाताबाईंनी पहिल्याच दिवशी दटावून सांगितलं. बरं केलं. माझ्या तोंडावर आलाच होता.

अशाच एका वसतिगृहाची हकिगत सांगते, नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षी तिथं यांनी दोन दिवसांत नऊ मशिनं चालू केली. टाळ्या झाल्या, नारळ-शाल झाली, फोटो झाला. आम्हीही खूश. पुढच्या वर्षी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो, तर नवातली सहा बंद. कारण सगळ्यांचं एकच, खोबरेल तेल. मशीन जड चालायला लागलं की मुलींनी आपली डोक्याची बाटली आणून वरच्या भोकांतून सोडली होती. ते तेल आत चिकट होऊन बसतं, त्यात धाग्याचा भुसा अडकतो आणि चाक हलेनासं होतं. रॉकेलनं धुऊन काढावं लागतं, आणि रॉकेल आता मिळतंय कुठं? हे चिडले. शिवणाच्या बाईंना बोलले, त्याही उलट बोलल्या, की आम्हाला कधी कुणी सांगितलं का. त्यांचं खरं होतं. मशिनं देणाऱ्यांनी दिली, दुरुस्त करणाऱ्यानं केली, पण तेल कुठलं घालायचं हे नऊ मशिनांमागे एकालाही सांगावंसं वाटलं नाही. त्या रात्री आमचंही भांडण झालं. मी म्हटलं, "तुम्ही आपलं कौतुक करून घेतलंत, मुलींना काय दिलंत?" दोन दिवस बोलणं बंद. एका खोलीत, दोन सतरंज्यांवर, तेही पाहुणे म्हणून, अबोला धरणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी हे हातांची घडी घालून स्टुलावर बसले आणि मुलींना म्हणाले, "तुम्ही उघडा. मी हात लावणार नाही." यांना ते फार जड गेलं. हात सारखा पुढे यायचा, मी बघितलं की मागे जायचा. आठवीतल्या एका मुलीनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, काढलेला प्रत्येक स्क्रू ओळीनं त्यावर ठेवला आणि शेजारी पेनानं आकडे घातले, १, २, ३. परत लावताना उलट्या क्रमानं. यांना चाळीस वर्षांत हे सुचलं नव्हतं, हे स्वतःच म्हणाले. (वर्तमानपत्र आपलं होतं की दुसरं, ते बघायचं राहिलं.) तीन दिवसांत दोनच मशिनं झाली. व्यवस्थापक नाराज. "काका, तुम्हीच करून टाका ना पटपट, कार्यक्रम आहे आमचा." हे नाही म्हणाले. निघताना या खेपेला शाल नव्हती.

त्यानंतर तिथं दोनदा गेलो. बंद मशिनं एकदा दोन, एकदा एक. तेलाची कुपी खिळ्याला टांगलेली असते आणि खाली खडूनं लिहिलेलं आहे, 'डोक्याला लावू नये'.

दुसऱ्या एका निवासी शाळेत आम्ही नुसतेच विचारपूस करायला शिरलो होतो. पिशव्या बघून मुलं आपणहून रांगेत उभी राहिली आणि स्वागतगीत म्हणायला लागली. कुणी सांगितलंही नव्हतं. शिक्षक म्हणाले, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा, या दिवसांत तीन-तीन गट येतात, बिस्किटं आणि खाऊ एवढा येतो की मुलं जेवत नाहीत. जूनमध्ये गणवेश उसवतात, बटणं तुटतात, तेव्हा कुणी फिरकत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी थांबलो, बटणं लावली. एकशे चौदा. हे बटणांना भोकं किती यावरून वाद घालत होते, पण ते असो.

लेखात 'वेळ मिळेल तसा अर्धा दिवस द्या' असं म्हटलंय, तिथंच माझं दुखणं आहे. अर्ध्या दिवसाचा पाहुणा सगळ्यांत महाग पडतो. त्याला चहा द्यायचा, संस्था दाखवायची, त्याच्याजोगं काम शोधायचं, मग ते निस्तरायचं. एक तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथसारखं असावं. बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी १९६७ पासूनची, मे महिन्यातला ठरलेला आठवडा, ठरलेलं काम. हे लग्नाआधी एकदा जाऊन आलेत. चंद्रपूरच्या मे महिन्यातलं ऊन काय असतं ते माणच्या उन्हाला नावं ठेवताना आम्हाला दर वेळी ऐकवतात. नाहीतर मग नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरसारखं. तिथं तासाभरासाठी आलेल्या माणसालाही काम असतं, कारण काम आधीच बारीक तुकड्यांत पाडून ठेवलेलं आहे. मला लसणाच्या ढिगापुढे बसवलं, यांना ताटं घासायला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, फोटोही नाही. शेजारी पंजाबातून आलेल्या एक आजी होत्या, एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी माझी सोलायची पद्धत चुकतेय हे त्यांनी मला नीट समजावलं. उठताना माझी जागा दुसऱ्या बाईनं घेतली आणि लसूण सोलणं चालूच राहिलं. मी आले काय नि गेले काय, कुणाचं अडलं नाही. एवढी निश्चिंत सेवा मी दुसरीकडे कुठे केलेली नाही.

वारीतही तेच बघा ना. वाटेवरचा चांभार वारकऱ्याच्या वहाणा शिवून देतो, न्हावी दाढी करून देतो. त्यांना जे रोज येतं तेच ते देतात. आमच्या ओळखीचे एक निवृत्त बँक मॅनेजर संस्थेत जाऊन भिंती रंगवून आले, त्या पुन्हा रंगवाव्या लागल्या. त्याच संस्थेचे हिशेब तीन वर्षं लिहायचे राहिले होते, आणि ते याच माणसानं चार दिवसांत लावून दिले असते. पण हिशेबाच्या वहीसोबत फोटो चांगला येत नाही.

आपणास एक विनंती आहे. पुन्हा असा लेख छापाल तेव्हा सोबत एक चौकट द्या. आपले तालुक्या-तालुक्यांतले वार्ताहर संस्थांकडून माहिती घेऊ शकतील. कोणतं काम अडलंय, ते कुणाला येणं गरजेचं आहे, किमान किती दिवस, कोणत्या महिन्यात, राहायची सोय काय, जेवणाचे किती द्यायचे. आम्ही जेवणाचे पैसे देऊन पावती घेतो; कुणी घेत नसेल तर देणगीत टाकून घेतो, म्हणजे अवघडल्यासारखं होत नाही. आणि 'आम्हाला सध्या कुणी नको' असं एखादी संस्था म्हणाली, तर तेही छापा. नळ दुरुस्त करणारे, वायरमन, हिशेबनीस, चष्म्याचे नंबर काढणारे, सायकलचं पंक्चर काढणारे आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. त्यांच्या बायकांनाही काही ना काही येतंच. फक्त त्यांना कुणी बोलावलेलं नाही, कारण सगळी बोलावणी फावड्याची असतात.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर आम्ही निघू. मराठवाड्याकडे जायचं चाललंय. पट्ट्याची नवी गुंडाळी आणून ठेवली आहे. माणातलं ते चौथं मशीन अजून बाकी आहे. त्याचा जो भाग गेलाय तो आता बनत नाही म्हणे, पण कोल्हापुरात एका जुन्या दुकानदाराकडे तसा एक पडून आहे असं यांना कळलंय. तेव्हा आधी कोल्हापूर, मग माण, मग मराठवाडा. रस्ता उलटा पडतो, पण अर्धंच तिकीट आहे.

आपली,
एक वाचक, कराड
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)