काका-काकूंच्या खुर्च्यांविषयी

कोल्हापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काका-काकूंसाठी एकसारखे दोन रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे कलणाऱ्या गादीच्या खुर्च्या, घेण्याचा विचार तू कळवलास. त्यामागचे प्रेम मला समजते, परंतु पैसे भरण्यापूर्वी हे पत्र नीट वाच. वयस्कर माणसासाठी खुर्ची निवडताना ती बसायला किती मऊ आहे यापेक्षा तिच्यातून स्वतःच्या बळावर उठता येते की नाही, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

मंगळवार पेठेतल्या तुमच्या घरी जाऊन मी टेप लावून मापे घेतली. घरातल्या चपला पायात असताना गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर काकूंचे ३८ सेंटिमीटर आणि काकांचे ४५ सेंटिमीटर भरले. बैठकीची उंची या मापाइतकी किंवा दोन सेंटिमीटरने जास्त असावी आणि ती माणूस बसल्यावर, म्हणजे गादी दबल्यानंतर, मोजावी. बैठक त्याहून खाली गेली की गुडघे कमरेच्या वर येतात आणि उठताना सारा भार दुखऱ्या गुडघ्यांवर पडतो. फार उंच झाली तर पाय लोंबकळतात, कड मांड्यांखाली रुतते आणि पावलांना सूज येऊ शकते. म्हणूनच एकसारख्या दोन खुर्च्यांपैकी एक तरी दोघांपैकी एकाला गैरसोयीची होणार, हे उघड आहे.

बैठक किती खोल असावी, याचेही तसेच आहे. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावली पाहिजेत. खोल बैठकीत काकू पुढे सरकून बसतील, मग पाठीला आधार उरणार नाही आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरेल.

खुर्चीच्या हातांविषयी मात्र तडजोड करू नकोस. उठताना माणूस आधी कडेला सरकतो, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घेतो, पुढे झुकतो आणि खुर्चीचे हात दाबून उभा राहतो. त्यामुळे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले, टोकाला गोल आणि मुठीत धरता येतील असे हवेत. पुढच्या दोन पायांमध्ये आडवी पट्टी नको, कारण पावले मागे घ्यायला ती अडते. चाके तर मुळीच नकोत. सोप्यातल्या गुळगुळीत फरशीवर हलकी प्लॅस्टिकची खुर्ची सरकते, तेव्हा पायांना रबरी बूट बसवलेली जड लाकडी खुर्चीच बरी.

काकांची जुनी कापडी आरामखुर्ची त्यांना जिवापाड प्रिय आहे, हे मला ठाऊक आहे. दुपारच्या डुलकीपुरती ती राहू दे. पण तिचे कापड झोळीसारखे खाली लोंबते आणि तिच्यातून उठताना ते दाराच्या चौकटीला धरू पाहतात. ते पाहून माझा जीव कासावीस होतो.

विजेच्या मोटारीवर माणसाला उचलून उभी करणारी खुर्ची ज्यांना स्वतःहून उठताच येत नाही त्यांच्यासाठी मोठा आधार आहे. काका अजून उठू शकतात, आणि दर वेळी उठताना मांडीच्या स्नायूंना जे काम पडते ते त्यांच्याकडून आत्ताच काढून घेऊ नये. काकूंचे नितंबाच्या सांध्याचे ऑपरेशन पुढे करायचे ठरले, तर शस्त्रक्रियेनंतर कमरेत किती वाकायचे यावर डॉक्टर बंधन घालू शकतात. तेव्हा खुर्चीची उंची डॉक्टरांना विचारूनच पुन्हा ठरवावी लागेल.

कापडाबद्दल थोडेच लिहितो. रेक्झिनवर घाम येतो आणि अंग चिकटते, म्हणून सुती, चेनच्या खोळी घ्याव्यात; आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या वाळायला वेळ लागतो, तेव्हा दोन जोड असावेत. रंग फरशीहून वेगळा असावा, म्हणजे काकूंच्या मंदावलेल्या नजरेला बैठकीची कड नीट कळेल. गादी घट्ट फोमची असावी.

टिंबर मार्केटजवळचे एक सुतार ही मापे पाहून सागवानी खुर्च्या करून द्यायला तयार आहेत. गादी बसवण्याआधी दोघांना नुसत्या सांगाड्यावर बसवून, उठवून पाहू, म्हणजे पायांची उंची कमी-जास्त करता येईल. गणपतीला तू येशील तेव्हा ही चाचणी तुझ्यासमोरच करू. तोवर रिक्लायनरची आगाऊ रक्कम भरू नकोस आणि तुझा होकार या आठवड्यात कळव, म्हणजे मला लाकूड कापायला सांगता येईल.

तुझा स्नेहांकित मित्र