डाव्या डोळ्याची तारीख

नागपूर,
रविवार दुपार

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर आईचा एकच प्रश्न असतो, "कायले बसतं वं उन्हात?" मी उत्तर द्यायला लागले की मागून बाबांचा टीव्ही मोठा होतो. म्हणून आज लिहितेच.

आई, चित्रं काढताना मी सावलीत बसते, ऊन फक्त चित्रात असतं. सहाला निघते, फुटाळा तलावाच्या काठाला एक झाड ठरलेलं आहे, नऊच्या आत सामान आवरते. त्यानंतर बसून उपयोगही नसतो. दोन तासांत सावल्या इतक्या सरकतात की आधी काढलेलं झाड आणि मग रंगवलेली त्याची सावली एकमेकांना ओळख देत नाहीत. म्हणून सावल्या आधी पेन्सिलीने आखून ठेवायच्या, मग सूर्याने कुठेही जावं.

खरा त्रास वेगळाच आहे. जलरंगाला आपलं हवामान मानवत नाही. डिसेंबरात धुकं होतं तेव्हा कागद वाळेचना, ओल्या आकाशात झाडं काढली तर पसरून शेवाळ झाली. आता पळस फुललाय, हवा कोरडी झालीय, तर निळ्या रंगाचा हात डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावी कड सुकते आणि आकाशात पट्टा पडतो. चित्रकलेच्या वर्गाचे सर म्हणतात, कागद दोन्ही बाजूंनी भिजव, रंग आधीच वाटीभर कालवून ठेव, मोठा ब्रश घे आणि मागे वळून दुरुस्ती करू नकोस. ते शेवटचं मला अजून जमत नाही. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटनचा लागतो. किंमत सांगत नाही, पण एका तावाचे चार तुकडे करते आणि फसलेल्याच्या पाठीवर पुन्हा काढते. लग्नपत्रिकेच्या मागे किराण्याची यादी करणाऱ्या आईची मुलगी आहे मी.

हिरव्या रंगाने तर पार छळलं. ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावायचे आणि तळ्यापलीकडची झाडं प्लास्टिकच्या तोरणासारखी दिसायची. लांबचं झाड हिरवं नसतंच. मधल्या हवेमुळे ते फिकं, निळसर, राखाडी दिसतं. अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घातला की ती राखाडी सापडते. पाण्याचंही तसंच. गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा थोडं उजळ असतं, पांढऱ्या भिंतीचं जरा मळकट. इतकी वर्षं त्या काठावर भुट्टे खाल्ले, पण हे दिसलं नव्हतं.

बाबा, आता तुमच्याशी. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, डोळे बारीक करून पाहा. पानं, फांद्या, बारीकसारीक सगळं मिटतं आणि फक्त उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. मी डोळे बारीक केले आणि बांधावरचे तुम्ही आठवलात. व्यापारी यायच्या आदल्या दिवशी, मृगाच्या बहाराची फळं झाडावर असताना, तुम्ही असेच डोळे बारीक करून उभे राहायचात. मी विचारलं होतं, फळं मोजत का नाही? तुम्ही म्हणालात, "मोजाले गेलं का झाड दिसत नाही." सरांना हे सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला ऐकवलं.

दहावीच्या वेळी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आला होता, तरी मला बीएस्सीला घातलंत. राग होता, खोटं कशाला बोलू. आता तो शिळा झालाय. फक्त "चित्रं काढून कोणाचं भलं झालं" हे पुन्हा म्हणू नका. बिंदूच्या चित्रांसाठी गाजलेले चित्रकार एस. एच. रझा 1939 ते 1943 आपल्या नागपुरातच कला शिकले आणि त्यांनीही निसर्गचित्रांपासूनच सुरुवात केली. मी काही रझा होणार नाही, चाळिशीला आलेय आणि सोमवारी ऑफिस असतं.

मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात ना, की उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून देवळाची भिंत निळसर पांढरी दिसते आणि डाव्याने पाहिली की पिवळट? आई हसली, पण ते खरंच आहे. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी पडतं आणि निळा रंग आत येताना अडतो. मोने नावाच्या फ्रेंच चित्रकाराला 1912 साली मोतीबिंदू असल्याचं कळलं. पुढे त्याच्या चित्रांत लाल-तपकिरी वाढत गेला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याने 1923 मध्ये करून घेतलं, मग त्याला निळं इतकं दिसायला लागलं की तो वैतागला. त्याच्याकडे जे दोन डोळे होते, एक ऑपरेशन झालेला आणि एक न झालेला, ते आज तुमच्याकडे आहेत, आणि तेही डाव्याचं ऑपरेशन होईपर्यंतच.

तेव्हा तारीख मिळाली असेल तर लगेच कळवा. पुढे ढकलू नका, मला त्याआधीचा तेवढा एक शनिवार द्या. सकाळी काटोलच्या पहिल्या गाडीने येते. विहिरीजवळ तुमच्यासाठी खुर्ची टाकू. तुम्ही आधी एक डोळा झाकून रंग सांगायचे, मग दुसरा झाकून. मी दोन कागदांवर तेच झाड काढीन. कुठला रंग चुकला ते तुम्हीच सांगायचं, सरांना नाही विचारणार.

आई, जेवायला साधं वरण-भात कर, ब्रश हातात असताना पातोडी खाता येत नाही.

आणि बाबा, मला दाखवायला म्हणून पळसाची फांदी तोडून आणून ठेवू नका. झाड जागेवर पाहायचंय.

तुमची,
माई