सुहासला पत्र : नवी चाके घेण्यापूर्वी

नेरूळ, नवी मुंबई
२० जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला सतरा इंची चाकांचा फोटो पाहिला आणि त्याखालचे दुकानदाराचे आश्वासनही वाचले, की ‘साहेब, स्विफ्टला डोळे झाकून बसतात’. बसतात यात शंका नाही. चार नट आवळले की चाक बसतेच. परंतु स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, मागे तिघे बसल्यावर आणि गायमुखच्या घाटात खड्ड्यात आदळल्यावर तेच चाक कसे वागेल, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर फोनवर घाईत देण्यासारखे नसल्याने सविस्तर लिहितो. तुझे चारही टायर झिजले आहेत आणि एका अलॉयला, म्हणजे मिश्रधातूच्या रिमला, तडा गेला आहे, तेव्हा खर्च अटळ आहे. तो कशावर करायचा एवढेच ठरवायचे आहे.

सुरुवात टायरच्या कडेवरच्या आकड्यांपासून कर. तुझ्या गाडीला १८५/६५ आर१५ टायर आहेत. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे कडेची, अर्थात रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबरी भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १२० मिलिमीटर. आणि १५ हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, इंचांतला व्यास, म्हणजे ३८१ मिलिमीटर. कडेची उंची वर एकदा आणि खाली एकदा धरून रिमच्या व्यासात मिळवली की पूर्ण चाकाचा बाहेरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. स्पीडोमीटर, गिअरचे गुणोत्तर, एबीएसचे (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेचे) गणित आणि मडगार्डमधली मोकळी जागा हे सगळे याच आकड्याला बांधलेले असल्यामुळे निवड नेहमी इथून सुरू करावी, चाकाच्या नक्षीपासून नव्हे. कंपनीने स्वतः हा आकडा कसा सांभाळला आहे ते पाहा. तुझ्याच गाडीच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ टायर येतात. रिम एक इंचाने लहान, टायर वीस मिलिमीटरने अरुंद, तरी बाहेरचा व्यास ६१९.६, म्हणजे दोन मिलिमीटरचाही फरक नाही.

याच हिशेबाने १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ येतो आणि तुझ्या फोटोतल्या २०५/४५ आर१७ चा ६१६.३, म्हणजे मूळ आकड्यापेक्षा एक टक्क्याहूनही कमी लहान. तेव्हा व्यासापुरते तो दुकानदार खोटे बोलत नाही. गाडी उंच दिसते म्हणून दुसऱ्याने जो २०५/६० आर१६ सुचवला, तो मात्र सरळ नाकार. त्याचा व्यास ६५२.४, म्हणजे पाच टक्के जास्त. मीटरवर ८० दिसत असताना गाडी आजच्यापेक्षा चार किलोमीटर जास्त वेगाने धावत असेल. मीटर मुळात खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतात, ती सवलत यातच खर्ची पडेल. शिवाय प्रत्येक गिअर लांबल्यासारखा होऊन चढावर गाडी जड चालेल आणि मागे माणसे बसली की टायर मडगार्डच्या अस्तराला घासण्याची शक्यता वेगळीच. दीड-दोन टक्क्यांच्या आत राहावे, तीन टक्के ही शेवटची हद्द समजावी, असे माझे मत आहे.

व्यास सारखा ठेवून रिम मोठी केली, तर ती वाढ येते कुठून? ती टायरच्या कडेतून कापली जाते, आणि माझी खरी हरकत इथेच आहे. आज तुझ्या रिमखाली १२० मिलिमीटर रबर आणि हवा आहे. १९५/५५ आर१६ मध्ये ते १०७ वर येते आणि २०५/४५ आर१७ मध्ये ९२ वर. शोरूमच्या फरशीवर हे पावणेतीन सेंटिमीटर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, पण तू रोज कासारवडवलीहून निघून माजिवड्यापर्यंत घोडबंदर रोड तुडवतोस, तिथून ऐरोलीमार्गे महापे गाठतोस. मेट्रोच्या खांबांशेजारी उखडलेला डांबराचा थर, खड्ड्यात भरलेले पेव्हर ब्लॉक आणि त्यांचा एखादा वर आलेला कोपरा, पावसाच्या पाण्याखाली न दिसणारी चेंबरच्या झाकणाची कड, हे सगळे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळते तेव्हा टायरची कड त्या धारेत आणि रिमच्या ओठात चिमटली जाते. कड उंच असेल तर ती दबून धक्का पचवते. बुटकी असेल तर रबराच्या आतले दोरे तुटतात आणि काही दिवसांनी त्या जागी टायरला फुगा येतो. पंक्चर काढता येते, फुग्यावर मात्र कोणताही इलाज नाही. टायर फेकावाच लागतो. टायर वाचला तर मार रिम खाते. लोखंडी रिम वाकते, ओतीव अलॉयला बहुधा तडा जातो, जसा तुझ्या अलॉयला गेला, आणि तोही पंधरा इंची असताना. तो तडा वेल्डिंग करून आणि पॉलिश मारून लपवून देणारे लोक रस्त्यारस्त्याला आहेत. त्यांच्या नादी लागू नकोस, कारण उष्णतेने अलॉयचा कस जातो आणि तेच चाक पुन्हा पुढच्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक नटांनी बसते त्यावर, चढते.

कडेच्या उंचीइतकाच महत्त्वाचा, पण दुकानात कोणी न सांगणारा आकडा म्हणजे भाराचा निर्देशांक. तुझ्या टायरवर मापापुढे ८८ लिहिले आहे. याचा अर्थ तो टायर ५६० किलो पेलू शकतो. १९५/५५ आर१६ सर्वसाधारणपणे ८७ चा मिळतो, म्हणजे ५४५ किलो. कंपनीने दिलेल्या निर्देशांकाच्या खाली उतरू नये हा नियम मी पाळतो, तरीही या एका पायरीने आभाळ कोसळेल असे म्हणणार नाही, कारण खालच्या व्हेरियंटचा चौदा इंची टायर ८५ चा, म्हणजे ५१५ किलोचा आहे. २०५/४५ आर१७ चा साधा टायर मात्र ८४ चा, ५०० किलोचा असतो, आणि तो त्याही खाली जातो. यावर दुकानदार ‘एक्सएल’, म्हणजे जादा भारासाठी बनवलेला, टायर पुढे करील, ज्याच्यावर ८८ छापलेले असते. त्यात फसवणूक नाही, पण एक गोष्ट तो सांगत नाही. साधा टायर आपला पूर्ण भार ३६ पीएसआय हवेवर पेलतो, तर एक्सएलला त्यासाठी ४२ लागते. पेट्रोलपंपावर नेहमीप्रमाणे ३३ भरून निघालास, तर ते ८८ फक्त छापील राहते. आणि खरोखर ४२ भरलीस, तर ती बुटकी कड आणखी ताठ होईल आणि वहिनींच्या पाठीला प्रत्येक पेव्हर ब्लॉक मोजता येईल.

आता रिमकडे वळू. स्विफ्टच्या हबवर चार नट १०० मिलिमीटरच्या वर्तुळात आहेत. यालाच पीसीडी म्हणतात. समोरासमोरच्या दोन भोकांचे मध्य मोजले की चार नटांच्या चाकाचा पीसीडी मिळतो. एक चाक अनेक गाड्यांना खपावे म्हणून आठ भोके पाडलेली चाके सर्रास विकली जातात, त्यांना माझा विरोध नाही. परंतु ९८ चे चाक १०० च्या हबवर दाबून बसवून देणाऱ्यापासून दूर राहा, कारण तिथे नट आवळला जातो पण सरळ बसत नाही. नटांच्या आट्यांचेही पाहा. मारुतीच्या नटाचा आटा १२ बाय १.२५ (व्यास १२ मिलिमीटर, दोन आट्यांतले अंतर १.२५ मिलिमीटर), तर ह्युंदाई आणि होंडाचा १२ बाय १.५ असतो. दुकानातल्या मिसळलेल्या डब्यातला १.५ चा नट तुझ्या स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आटेदार खुंटावर, दोन-तीन फेरे हाताने जातो, मग अडतो, आणि पोऱ्याने तिथे हवेची गन लावली की स्टडचे आटेच उतरतात. म्हणून प्रत्येक नट सुरुवातीला हातानेच फिरवायला लाव. आणखी एक बाब मधल्या भोकाची. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आहे, पण बाजारातल्या पुष्कळ चाकांचे भोक ७३.१ चे असते. मधली पोकळी भरून काढणारी कडी, म्हणजे हब रिंग, बसवली नाही तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्य शोधते, आणि मग कितीही वेळा बॅलन्सिंग केले तरी पामबीच रोडवर वेग वाढवला की स्टिअरिंगला थरथर येतच राहते. ही कडी किमतीने क्षुल्लक असल्यामुळेच बहुधा विसरली जाते.

ऑफसेट समजायला थोडा किचकट आहे, पण चाक घासते की नाही ते यावरच ठरते. रिमच्या रुंदीचा मध्य आणि ती हबला जिथे टेकते ती सपाटी, यांतले मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या पाठीवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे तो कोरलेला असतो. समज, मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५ आहे, आणि नवी रिम सात इंच रुंद व ऑफसेट ३८ आहे. रुंदी दीड इंच वाढल्याने दोन्ही बाजूंना १९ मिलिमीटर वाढ झाली. ऑफसेट ७ ने घटल्यामुळे चाक तेवढे बाहेर सरकले; म्हणून बाहेरची कड एकूण २६ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड १२ मिलिमीटर आत, सस्पेन्शनच्या दिशेने गेली. आत तेवढी जागा नसेल तर शॉकअॅब्सॉर्बरला घासणार, बाहेर नसेल तर मडगार्डच्या ओठाला. काहीच घासले नाही तरी चाक बाहेर गेल्याने व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो आणि एकच चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंग हातातून हिसका देते. त्यामुळे मूळ ऑफसेटच्या पाच-सात मिलिमीटरच्या आत राहणारी रिमच मी घेईन, आणि कमी पडलेली जागा स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामधली चकती, लावून भरून काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठून येईन. रिमची रुंदीही टायरला साजेशी हवी: १८५/६५ आर१५ पाच ते साडेसहा इंची रिमवर चालतो, १९५/५५ आर१६ साडेपाच ते सात इंचीवर.

रिमच्या पाठीवर जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए ही जपानी चाचण्यांची चिन्हे आहेत का आणि किती किलोपर्यंतचा भार कोरला आहे, तेही वाचून घे. कोरीव आकडाच नसेल, तर चाक कितीही देखणे असो, ते नको. जमल्यास दुकानातल्या काट्यावर तुझे जुने चाक आणि नवे चाक दोन्ही ठेवून बघ. अलॉय म्हणजे हलकेच असा समज असतो, पण मोठी स्वस्त ओतीव रिम तुझ्या आजच्या रिमपेक्षा बरीच जड भरू शकते, आणि ते वजन मायलेजमध्ये आणि सस्पेन्शनमध्ये रोज भोगावे लागते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते. कंपनीने तुझ्या मॉडेलला दिलेल्या मापात राहिलास तर हा वादच उद्भवत नाही. बाहेरची चाके बसवलीस तर विमा कंपनीला लेखी कळव, नाहीतर दाव्याच्या वेळी त्यांना आयते निमित्त मिळेल.

माझा कौल उघड आहे. चांगल्या बनावटीची पंधरा इंची चाके घे, माप १८५/६५ च ठेव, आणि सतरा इंचीच्या सेटवरचे वाचलेले पैसे ओल्या रस्त्यावर घट्ट पकड देणाऱ्या टायरवर घाल. ठाण्यात वर्षाचे चार महिने त्याचाच उपयोग आहे. वहिनींना मोठेच चाक हवे असेल तर सोळा इंचांवर थांब, १९५/५५ मध्ये ९१ चा एक्सएल माग, आणि त्याला हवा किती ठेवायची ते टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरव. सतरा इंची चाके त्या फोटोत फार शोभतात हे मलाही मान्य आहे. पण त्या फोटोतल्या गाडीखाली रस्ता कसला आहे तेही पाहा.

कोणतेही चाक घेतलेस तरी टायर चढवण्याआधी नुसती रिम हबवर बसवून बघ, कारण टायर चढल्यावर दुकानदार माल परत घेणार नाही. ब्रेक कॅलिपर आणि रिम यांत बोट सहज फिरले पाहिजे. टायर चढल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळव, मागे तिघांना बसव आणि एखाद्या स्पीडब्रेकरवरून सावकाश जाऊन ये. टायरवर आयएसआयचा शिक्का आणि उत्पादनाचा चार आकडी संकेत पाहा. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, तेव्हा २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा, आणि असा माल ‘नवा’ म्हणून गळ्यात बांधून घेऊ नकोस. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासून घे. स्टेपनीचे मूळ नट जपून ठेव. नव्या रिमचे नट तिला बसतीलच असे नाही.

बिलावर टायरचे माप, निर्देशांक, रिमची रुंदी, ऑफसेट आणि पीसीडी हे सगळे लिहून माग. तू निवडलेल्या रिमच्या पाठीचा फोटो आधी मला पाठव, म्हणजे आकडे मी इथे बसून पडताळीन. येत्या शनिवारी मी सकाळीच ठाण्याला येतो आहे. कापूरबावडीला भेटलास तर टॉर्क पाना आणि मोजपट्टी घेऊन तुझ्याबरोबर दुकानात येईन.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत